खाटेखालचा माग

टँकर थांबला तेव्हा त्याचं तोंड आणि मालकांची छाती यांच्यात वीतभर जागा उरली होती. चाकांनी डांबरावर दोन काळे पट्टे ओढले होते आणि जळक्या रबराचा वास सुटला होता. मालक, म्हणजे माझा नवरा, जागचे हलले नाहीत. त्यांनी मान वर करून टँकरवाल्याकडे पाहिलं आणि दरडावून म्हणाले, "भोंगा झालाय, ऐकू येत न्हाय व्हय तुला? बाजूला घे. हाजरी जाईल माजी."

टँकरवाला खाली उतरला. त्याच्या तोंडातून शब्द फुटले ते सगळे आईबहिणीवरचे. शिव्या संपल्यावर तो माझ्याकडे वळला. "म्हाताऱ्याला घरात ठिवता येत न्हाय का तुमाला?" माझ्या दोन्ही हातांना ज्वारीचं पीठ होतं. मी रस्त्याच्या कडेला खडीवर उभी होते, कारण माझ्या गुडघ्यांनी तिथपर्यंतच साथ दिली. सून अनवाणी पुढे पळाली होती. तिने मालकांचा दंड धरला होता.

"मामा, चला घरी. आज सुट्टी हाय गिरणीला."

"सुट्टीला भोंगा वाजतो व्हय गं? मला खुळा समजतीस?"

बोलणं बिनचूक होतं. सुट्टीला भोंगा वाजत नसे. शेवटी त्याच टँकरवाल्याने त्यांचा दुसरा दंड धरला आणि दोघांनी त्यांना दारापर्यंत आणलं. दारातून आत पाऊल टाकलं तसा डोक्यावर पुन्हा भोंगा सुरू झाला. मालकांनी हिसडा दिला आणि उलटे फिरले. टँकरवाला पडता पडता वाचला. "ह्ये काय लावलंय घरात?" तो ओरडला. सुनेने एका हाताने मालकांना धरून दुसऱ्या हाताने भिंतीवरची वायर उपटली, तेव्हा कुठे घर गप्प झालं.

तो भोंगा आमच्याच घरचा होता. तो सुनेने बनवला होता, आणि भोंगाच लाव असं तिला मी सांगितलं होतं.

मालक गिरणीत साळखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या खात्यात. मीही त्याच गिरणीत रिळं भरायला होते. चौथी झाली आणि शाळा सुटली, मग बाकीचं सगळं शिक्षण गिरणीत झालं. गिरणी बंद पडली त्याला आता एवढी वर्षं झाली की तिच्या आवारात बाभळी उंच झाल्यात. आम्ही गल्लीतलं घर सोडलं आणि मुलाने अक्कलकोट रोडला, गावाबाहेर, दोन खोल्या बांधल्या तिथे राहायला आलो. दार थेट रस्त्यावर. इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी मालकांचं डोकं सुटायला लागलं. आधी चष्मा हरवायचा, मग चष्मा कशाला असतो तेच हरवलं. डॉक्टरने नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाला, हे मागे फिरणार नाही. मला असं स्पष्ट बोलणारा माणूस बरा वाटतो.

त्यांचा एकच नाद होता, गिरणीला जायचं. दिवसातून चार वेळा चपला घालायचे. एकदा आम्ही बाहेरून कडी घातली, तर त्यांनी दारावर डोकं आपटून कपाळ फोडून घेतलं. तीन टाके पडले. त्यानंतर कडी घालायची हिंमत कुणाची झाली नाही. दिवसभर घरात मी आणि सून. मुलगा एमआयडीसीत कामाला. मी मागच्या अंगणात धुण्याला बसले आणि सून गच्चीवर वाळवण घालायला गेली, की मालक दाराबाहेर.

सून मैंदर्गीची. माहेरी कानडी बोलतात. आयटीआयला तारांचं काम शिकून अक्कलकोटात एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात दोन वर्षं होती. मुलगी बघायला गेलो तेव्हा हे ऐकून मी नाक मुरडलं होतं. परतीच्या एसटीत मी म्हणाले होते, "स्वयंपाक येतो का इचारलं तर पोरगी म्हणती, मिक्सर उघडता येतो." लग्नानंतरही तिचं सामान मला खुपायचं. फडताळाच्या वरच्या कप्प्यात तिने बिस्किटाच्या डब्यांत तारा, बारीक पेच, मोडक्या रेडिओंची आतडी भरून ठेवली होती. मी एकदा अख्खा डबा भंगारवाल्याला द्यायला काढला होता. तिने माझ्या हातातून तो घेतला आणि दुसऱ्या दिवशी माझा बंद पडलेला ट्रान्झिस्टर चालू करून उशाशी ठेवला. त्यानंतर मी त्या कप्प्याला हात लावला नाही.

कपाळाचे टाके निघाले त्या आठवड्यात तिने तो उद्योग काढला. जेवणं झाल्यावर ती स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून बसायची. मला पहिल्यांदा दाखवली ती अर्ध्या लिंबाएवढी पांढरी प्लास्टिकची टोपी. खाली बोटाएवढी हिरवी पट्टी, तिला तीन तारा.

"आत्या, ह्यो डोळा हाय. ह्याला रूप दिसत न्हाय, अंगाची ऊब दिसती. ऊब हितनं तितं सरकली की ह्यो तार खाली सांगतो."

"कुणाला सांगतो?"

"ह्याला." तिने दुसरी पट्टी उचलली. त्यात नखाएवढं मेमरी कार्ड बसत होतं. "ह्यात आवाज भरायचा. डोळ्यानं सांगितलं की ह्यो गाणार. मामांच्या जुन्या रेडिओचा स्पीकर काढून लावते. मामा दाराशी आले की आपल्याला कळंल."

मी बघत बसले. कथील वितळवायची कानस… नाही, कानस नव्हे, तापलेल्या टोकाची ती पेनासारखी दांडी तिने धरली तशी मी सुई धरते. तार, कथील, टोक, आणि एक फुंकर. धुराची एक रेघ निघायची आणि दोन तारा एक व्हायच्या. चुकलं की ती कानडीत स्वतःलाच दोन शब्द बोलायची आणि सोडवून परत जोडायची. गिरणीत मी शेकडो बायकांचे हात पाहिलेत. तुटलेलं सूत न बघता जोडणाऱ्या दोनचारच असायच्या. ही त्यांच्यातली होती. हे मी तेव्हा तिला सांगितलं नाही.

पहिल्यांदा तिने त्यात बारीक टींटीं लावलं. मालक दाराशी गेले, टींटीं वाजलं, ते बाहेर पडले आणि मागे अंगणात मला काहीच ऐकू आलं नाही. गिरणीच्या माणसांचे कान तसेही अर्धे असतात, बारीक आवाज तर आम्हाला जातच नाही. त्या दिवशी शेजारच्या दुकानवाल्याने मालकांना आणून सोडलं. सून हिरमुसली. मी म्हणाले, "ह्यो कसला आवाज? चिलटाला ताप आल्यागत. भोंगा लाव. गिरणीचा भोंगा. त्यानं सगळं सोलापूर उठायचं, मेलेलं माणूस उठून बसंल."

तिने मोबाईलवर कुठल्याशा गिरणीचा भोंगा शोधला. मी ऐकून म्हणाले, आपला असा नव्हता, आणखी जाड होता. तिने काहीतरी फिरवून सूर उतरवला. आणखी उतरव, म्हणाले. शेवट जरा ओढून घे. तासभर तिला बसवून मी तो भोंगा हुबेहूब करून घेतला. ज्या दुपारी तो दारावर बसवला, त्या दुपारी मुलगा मालकांना घेऊन दवाखान्यात गेला होता. आम्ही दोघी दारातून ये-जा करून तो वाजवत बसलो, दहा वेळा. तो इतका खरा होता की मी सवयीने पदर खोचला. पण तो ऐकून मालक काय करतील हे आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. गिरणी चालू होती तेवढी वर्षं ज्या माणसाला मी भोंगा झाला की ताटावरून उठून पळताना पाहिलं, त्याच्याच डोक्यावर मी भोंगा टांगला. दुसऱ्या सकाळी ते सहज दाराशी गेले असतील, ऊन बघायला. भोंगा झाला. मग ते साधे चालत गेले नाहीत, धावत गेले.

टँकरवाल्याला सुनेने चहा दिला. त्याने घेतला आणि जाताना मालकांना म्हणाला, "बाबा, रस्ता बगून जावा गिरणीला." मालक म्हणाले, "तू हॉर्न दे की."

संध्याकाळी मुलाला सांगितलं. तो ऐकत होता तेव्हा जेवत होता, त्याने ताट बाजूला सरकवलं. फडताळातून माझं जुनं लुगडं काढलं आणि त्याची उभी पट्टी फाडली.

"आता बांदायचं. खाटेला. दिवसाचं दोगी कामात असताना बांदायचं, मी आलो की सोडायचं."

सून म्हणाली, "जनावर हायेत व्हय मामा?"

"टँकरखाली गेल्यावर माणूस म्हणून जाळू मग. तुझ्या खेळण्यानं आज जीव गेला असता त्यांचा."

"माज्या नव्हं," मी म्हणाले. "भोंगा माजा होता. आणि बांद. त्यो म्हणतो त्ये बरोबर हाय."

मी हो म्हणाले होते, हे लिहून ठेवते. आमच्या जुन्या गल्लीत एका बाईने तिच्या सासऱ्याला असंच बांधलं होतं आणि आम्ही तिला नावं ठेवली होती. पण रस्त्यावर पाहिलेली ती वीतभर जागा माझ्या डोळ्यासमोरून जात नव्हती.

सुनेने लुगड्याची पट्टी नवऱ्याच्या हातातून घेतली, घडी केली आणि देवळीत ठेवली. "चार दिवस द्या मला. तवर मी दारातनं उठत न्हाय, भाकरी आत्या करतील, धुणं पडू दे. चार दिवसांत जमलं न्हाय तर मी सोता बांदते."

मुलाने ताट पुन्हा पुढे ओढलं. तिने ते हो धरलं.

ती खरंच उठली नाही. उंबऱ्याशी चटई टाकून तिथेच डबे, तारा आणि ती पांढरी टोपी घेऊन बसली. मालक आले की उठून त्यांना वळवायची, ते परत यायचे, ती परत वळवायची. पहिल्या दिवशी तिने माझाच आवाज भरला. मी मोबाईलसमोर ओरडले, "अवो, जेवायला चला, भाकरी निवतीय!" मालक दाराशी गेले, दारावरून माझा आवाज आला. ते "आलो आलो" म्हणाले आणि बाहेर चालू लागले. माझ्या लक्षात आलं, आयुष्यभर त्यांनी मला हेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने कुत्र्याचं भुंकणं लावलं. मालकांनी हातात चप्पल घेतली आणि कुत्रं शोधायला बाहेर पडले.

पलीकडच्या घरातली बाई कुंपणावरून हे सगळं बघायची. त्यांचे गावात टॉवेलचे माग आहेत, घरात तेलुगू बोलतात, जीभ चुरचुरीत. "काय वो अम्मा, परवा भोंगा झाला तुमच्या घरात. नवीन गिरणी काढली तर आमच्या ह्यांना घ्या की कामाला, घरी आले की डोकं खातात."

"तुला घेते झाडायला," मी म्हणाले.

तिसरा दिवस. दुपारी सून उंबऱ्याशी एक तार सोलत बसली होती, मालक खाटेवर पडले होते. तिने विचारलं, "आत्या, मामा कशाला थांबायचे? गिरणीत असताना. कुनी अडवलं तर थांबायचे, अशी एक तरी गोष्ट सांगा."

"कशालाच न्हाय. गेलं की गेलं. उलट तितनं यायचे न्हायत. तुझा नवरा झाला तेव्हा माजी ननंद पळत गेली गिरणीत. खात्यात जाऊन सांगितलं, पोरगा झाला, वहिनीचं रगत थांबत न्हाय, चला. तर म्हणले, 'माग चालू हाय. बदलीवाला आल्याबिगर माग सोडता येत न्हाय.' दोन तासांनी आले, जागेवर हुबा राहनारा बदलीवाला शोधून त्याच्या हातात माग दिल्यावर. मी मेले असते तरी दोन तासांनीच आले असते. चालू माग टाकून त्यो मानूस मुतायलाबी जात नव्हता."

हे मी त्यांच्याविरुद्ध सांगत होते. पंचेचाळीस वर्षं मी ते ज्याला त्याला तसंच सांगत आले आहे, नवऱ्याचा दगडपणा म्हणून. सुनेचा हात तारेवर थांबला होता.

"परत सांगा."

"काय परत?"

"माग चालू असला तर सोडायचे न्हायत?"

"कधीच न्हाय. नेमच होता त्यांचा. साळखात्यात सगळ्यांचाच असायचा, पण दुसरे वाकडे जायचे, ह्ये न्हाय."

ती उठली. कुंपणाशी जाऊन पलीकडच्या बाईला म्हणाली, "वैनी, तुमच्या मागाचा आवाज पायजे मला. आत्ता."

"आवाज? फुकट हाय, टॉवेल नको का?"

मालकांजवळ त्या बाईलाच बसवलं. सून आणि मी रिक्षाने गावात गेलो. तिच्या नवऱ्याच्या शेडमध्ये चार माग होते, त्यातले तीन नवे. तिने मोबाईल धरला, मी डोळे मिटून ऐकलं आणि नको म्हणाले. हे माग फार भरभर चालत होते, मालकांचा माग असा नव्हता. कोपऱ्यात एक जुना लाकडी दांड्याचा माग होता. मागवाल्याने तो चालू केला. सूत नेणारा धोटा डावीकडे गेला, उजवीकडे आला, खट्ट, खडाक. हा, म्हणाले. बाकीचे तीन बंद करा. मागवाला डोकं खाजवत म्हणाला, "बायको म्हणली हुती दोघी येड्या येतील म्हणून." पण बंद केले, आणि आम्ही पाच मिनिटं फक्त तो एक माग भरून घेतला. भोंग्याच्या वेळी केली तशीच चिकित्सा मी केली, यावेळी मात्र मनात भीती होती.

घरी आल्यावर सुनेने जे केलं ते मला कधीच सुचलं नसतं. डोळा तिने दारावरच ठेवला, पण स्पीकर तिथून काढला. लांब तार घेतली, भिंतीच्या कडेने खिळे मारत मारत खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि स्पीकर मालकांच्या खाटेखाली बांधला. "आवाज पुढं असला तर मानूस पुढं जातो," ती म्हणाली. "माग पाठीमागं चालला पायजे." टोपीखाली दोन बारीक पेच असतात, एकाने डोळा किती लांबचं बघतो ते ठरतं, दुसऱ्याने आवाज किती वेळ चालतो ते. ते तिने फिरवून फिरवून असे बसवले की माणूस उंबऱ्यापासून दोन हातांवर आला की माग लागायचा. स्पीकरच्या मागे रेडिओच्या खोक्याची झाकणी लावली, म्हणून आवाज जाड यायचा आणि अंगणापर्यंत पोचायचा. लाईट गेली तर म्हणून मोबाईलला लावायची जाड बॅटरीही जोडून दिली.

चौथ्या दिवशी सकाळी मुलगा कामावर गेला नाही. देवळीत ती पट्टी तशीच होती. मालक उठले, चहा प्याले, चपला घातल्या. आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या दारात उभे. सुनेने तोंडावर पदर दाबून धरला होता. मालक दाराकडे निघाले. दोन हातांवर आले.

खाटेखाली माग सुरू झाला.

मालक थांबले. मान तिरकी केली, कान लावला. मग चपला काढून भिंतीशी नीट लावल्या, कारण साळखात्यात पायात चप्पल घालून कुणी माग चालवत नसे, आणि परत फिरले. खाटेपाशी आले. खाटेच्या लोखंडी दांडीवर त्यांनी हात ठेवला, जसा पूर्वी मागावर ठेवायचे. उभे राहून चादरीच्या कडेवरून अंगठा फिरवत सूत तपासायला लागले. तोंडावर राग नाही, घाई नाही. मी त्यांना असं शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवेना, कारण साळखात्यात बायकांना फार वेळ उभं राहू देत नसत.

पण मग दुसरी अडचण आली. माग थांबला तरी ते हलेनात. सूत तुटलं असेल म्हणून चादरीवर शोधत राहिले. वाकून पाठ भरून आली, पाय कापायला लागले. बस म्हटलं तर बसेनात.

मी मुलाला म्हणाले, "जा. बदली जा."

"म्हंजे काय करू?"

"जाऊन दांडीला हात लाव. म्हण, मी बगतो, तुमी जेवून घ्या."

तो गेला. आधी कसनुसा उभा राहिला. मग हात लावला. "मी हाय हितं. मी बगतो माग. तुमी जावा जेवायला."

मालकांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उजवीकडचं सूत कच्चं हाय. ध्यान दे." आणि हात सोडून स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले. मी भाकरी वाढली.

सुनेने तोंडावरचा पदर सोडला. तिने देवळीतली लुगड्याची पट्टी काढली आणि दारावरच्या तारा एकत्र बांधायला वापरली. मी तिला म्हणाले, "गिरणीत असतीस तर जॉबर केलं असतं तुला." हे माझ्या तोंडून निघालेलं सगळ्यात मोठं कौतुक आहे, आणि तिला जॉबर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मग सांगावं लागलं, खात्यातले सगळे माग ज्याच्या हाताने दुरुस्त होतात तो मुकादम.

त्यानंतर आमचे दिवस मार्गी लागले. माग लागला की आमच्यापैकी कुणी तरी हातातलं टाकून खाटेपाशी जायचं आणि दांडीला हात लावायचा. मी गेले तर त्यांना ते पटत नसे. "बायकांना मागावर कुनी ठिवलं?" म्हणायचे, पण माग देऊन जायचे. पलीकडची बाई एकदा बदली आली तर तिला म्हणाले, "तुज्या नवऱ्याला धाड, त्याला काम येतं." त्या बाईने ते सगळ्या वस्तीला सांगितलं.

उन्हाळ्यात एकदा दगा झाला. वैशाखातली दुपार, आमच्याकडे तेव्हा भिंतीला हात लावला तर भाजतो. मी पाणी प्यायला आत आले तर मालक उंबरा ओलांडून रस्त्याकडे निघाले होते आणि घर शांत होतं. माग लागलाच नव्हता. त्यांना मी आणलं, सून वरून पळत आली. ती दारातून पाच वेळा गेली, सहा वेळा गेली, डोळा ढिम्म. सकाळी तोच डोळा मांजरालासुद्धा सोडत नव्हता.

"बिघडला," मी म्हणाले.

"तडीरी," ती म्हणाली. घाबरली की ती मला कानडीतच थांबायला सांगायची. ती भिंतीला हात लावून उभी राहिली, मग स्वतःच्या गालाला लावला. "बिघडला न्हाय आत्या. त्याला ऊब दिसती. आता भिंतच अंगाएवढी तापली, तर मानूस कुटला आनि भिंत कुटली त्येला कळंना झालंय."

"मग भिंत गार कर."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी मागे जाऊन ज्वारीचं गोणपाट हौदात बुडवलं आणि दाराच्या समोरच्या भिंतीवर, डोळ्याला दिसेल असं, दोन खिळ्यांना अडकवलं. आमच्या कोरड्या हवेत ओलं गोणपाट घटकाभरात गार पडतं, माठ झाकायला आम्ही जन्मभर तेच वापरलं. ती दारातून गेली. खट्ट, खडाक. मी आयुष्यात केलेली एवढीच इंजिनियरी. बाकी सगळी तिची. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात दर तासाने गोणपाट भिजवायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी चुकवलं नाही.

आता मालकांना उभं राहता येत नाही. दोन माणसांनी धरलं तर खुर्चीत बसतात. डोळा दारावर आहे, पण तारा सुनेने काढल्या आहेत, कारण आता माग लागून उपयोग नाही, ते उठू शकत नाहीत आणि चालू मागाशी जाता आलं नाही की ते रडतात. स्पीकर खाटेखाली तसाच आहे. वस्तीतल्या दोन घरांतून अशा माणसांसाठी तिला बोलावणं आलं. एका घरी तिने शाळेची घंटा लावली, तिथला म्हातारा शिपाई होता. पण आधी तिने त्याच्या बायकोला दोन तास बोलतं केलं, तो कशाला थांबायचा ते विचारत. दुसऱ्या घरचं अजून तिला सापडलेलं नाही.

त्या टँकरला आता चार वर्षं झाली. मालक एक्क्याऐंशीचे आहेत. आत खाटेवर आहेत, मघाशी दूधभाकरी खाल्ली. जिवंत आहेत.